शेजारची कुजबुज

पर्वत पाटिया नावाच्या वस्तीत आमच्या शेजारच्या खोलीत राहणारा माणूस माझ्याच कापड कारखान्यात लूम चालवायचा. मी जादा पैशांसाठी वर्षानुवर्षं दीड पाळी ओढली. हा लेकाचा पाळी सुटली की थेट घरी. एवढ्याशा पगारात याचं भागतं कसं? नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं. त्यात संध्याकाळी नवरा-बायको ओट्यावर बसून हळू आवाजात बोलायचे आणि हसायचे. लूमवाला कधी हळू बोलतो का? मशीनच्या खडखडाटात आम्ही हातवाऱ्यांनी नाहीतर ओरडून बोलतो आणि घरी आलो तरी ओरडतो. म्हणजे हे काहीतरी लपवत होते, नाहीतर मलाच हसत होते.

एका सुट्टीच्या दिवशी माझं डोकं फिरलं. बायकोला म्हटलं, "जरा ऐक, काय कुजबुजताहेत ते!"

ती माझ्या कानाशी येऊन ओरडली, "अहो, कुजबुज कसली? भरिताबरोबर कळण्याची भाकरी करू म्हणताहेत. अख्ख्या गल्लीला ऐकू येतंय!"

दारात मुलगी उभी होती. जेवायला वाढू का, असं हातानेच विचारत होती. ती माझ्याशी नेहमी तसंच बोलायची. मला वाटायचं, पोरगी माझी नक्कल करते.