रशियाची पुढची तारीख

माझे वडील अकोल्याला वकिली करायचे, आणि दर जानेवारीत त्यांची सरलेल्या वर्षाची डायरी मला मिळायची. वकिलाच्या डायरीत पानोपानी तीन रकाने: मागची तारीख, आज काय काम झालं, पुढची तारीख. कोर्टाला सुट्ट्या भरपूर, त्यामुळे कोरी पानंही भरपूर. दुसऱ्या एखाद्या मुलीनं त्यांवर भरतकामाचे नमुने उतरवले असते. मी त्यांवर रशियाचा खटला चालवायला घेतला.

हसू नका. सत्तावन्न साली पहिला स्पुटनिक वर गेला तेव्हा मी दहा वर्षांची होते, आणि त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेनासं झालं. रशिया आधी कधी काही सांगायचा नाही. वर गेलं की मग सांगणार. म्हणून पुढचं कधी जाईल हे आपणच हुडकून काढायचं, असं मी ठरवून टाकलं. नागपूरचा पेपर आमच्याकडे दुपारी यायचा. बाबांचा वाचून झाला की मी त्यावर झडप घालायची. रॉकेट पडायचं आहे, पॅसिफिक महासागराच्या अमुक भागात जहाजांनी फिरकू नये, अशी रशियाची एवढीशी सूचना आली तरी माझ्या अंगावर काटा यायचा. मग मी लिहायची. मागची तारीख: ऑक्टोबर. काम: गोळा वर गेला. पुढची तारीख: दिवाळीनंतर. आणि दिवाळीनंतर पंधरा दिवसांत खरंच कुत्री वर गेली की हो! मी घरभर उड्या मारल्या. तेव्हापासून माझं डोकं फिरलं ते फिरलंच.

पुढच्या माझ्या बहुतेक तारखा चुकल्या, हेही सांगून टाकते. बाबांचे मुन्शी होते, त्यांची सारी हयात पक्षकारांना तारखा सांगण्यात गेली होती. ते माझी डायरी चाळायचे आणि म्हणायचे की ताई, या रशियापेक्षा आपले कास्तकार बरे, तारखेवर हाजर तरी होतात. मी चिडायची. पण बासष्टच्या ऑगस्टात एक माणूस वर असतानाच दुसऱ्या दिवशी दुसरा गेला, तेव्हा ते पान मी लाल पेन्सिलीनं चौकट करून ठेवलं. ही माझी सगळ्यात मोठी नोंद होती.

त्रेसष्टच्या जूनमध्ये मॅट्रिकचा निकाल लागला. गणितात मला चांगले मार्क होते. मला अमरावतीला मावशीकडे राहून शास्त्र शाखेला जायचं होतं. आईचा साफ नकार होता. सोळा वर्षांची पोर परगावी ठेवायची नाही, आणि आमच्या घरापासून दहा मिनिटांवर कलेचं कॉलेज असताना तर मुळीच नाही. ती स्वतः चौथीपर्यंत शिकलेली, पण बोलण्यात बाबांनाही ऐकायची नाही. बाबांनी दोन्ही बाजू ऐकून निकाल राखून ठेवला होता. फॉर्म भरायची मुदत पुढच्या सोमवारची होती. त्या आठवड्यात मला घास गोड लागत नव्हता.

अशात शुक्रवारी संध्याकाळी रेडिओवर बातमी आली की रशियाचा आणखी एक माणूस वर गेला. मी पाटावरून उठलेच. धावत डायरी आणली आणि लाल चौकटीचं पान बाबांपुढं धरलं. मागच्या ऑगस्टासारखंच आहे, म्हटलं, उद्या दुसरं यान जाणार. बाबांनी विचारलं, कशावरून? इथवर सगळं ठीक होतं. पण माझी जीभ म्हणजे काय सांगावं. कोणी विचारलं नव्हतं, कोणी मागितलं नव्हतं, तरी मी म्हणून बसले, "उद्या संध्याकाळच्या बातम्यांपर्यंत दुसरं गेलं तर मी अमरावतीला जाणार. नाही गेलं तर निमूट कलेचा फॉर्म भरीन."

आईनं तो शब्द वरच्या वर झेलला. ठरलं म्हणाली, आता फिरायचं नाही. बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

शनिवारी मी रेडिओपासून हलले नाही. तापून तापून त्याला वास यायला लागला. दुपारच्या बातम्या गेल्या. संध्याकाळच्या बातम्यांत पहिला माणूस अजून फिरतो आहे एवढंच सांगितलं, आणि मग पावसापाण्याचं सुरू झालं. मी हरले होते. आईनं त्या दिवशी माझ्या आवडीची भरली वांगी केली होती आणि ती मला आग्रहानं वाढत होती, याचा मला आणखीच राग आला. रविवारी सकाळी कलेचा फॉर्म भरला. बाबांनी सही केली. माझ्या डोळ्यांतलं पाणी त्या फॉर्मावर पडू नये म्हणून मी तोंड फिरवून बसले होते.

आणि रविवारी संध्याकाळी दुसरं गेलं. त्यात बाई होती!

खरं सांगते, आनंदानं मला रडू फुटलं आणि रागानंही फुटलं. एक दिवस. फक्त एक दिवस या रशियानं माझा घात केला. आई पोळी लाटताना थांबली आणि म्हणाली, बाई? एकटी? बाबा एवढंच म्हणाले की तुझी मुदत काल संपली. त्यांचं बरोबरच होतं.

सोमवारी सकाळी मुन्शी आले. त्यांना सारी हकीकत आधीच कळली होती. मी ओसरीत तोंड पाडून बसले होते. ते छत्री टेकवून माझ्याजवळ बसले आणि हळूच म्हणाले, "मुदत गेली तं रडून काहून राहिली, ताई? उशीर माफीचा अर्ज लावा न. सायेब रोज दुसऱ्याईचे लावतात."

मी उडालेच. त्यांनीच लांब कागद दिला, समास सोडायला लावला, आणि मी लिहिलं. अर्जदार: वकीलसाहेबांची मुलगी. गैरअर्जदार: तिची आई. अर्जदाराची मुदत शनिवारी संपली, यान रविवारी गेलं, एका दिवसाचा विलंब रशियाकडून झाला, तो माफ होऊन अमरावतीचा फॉर्म भरण्याची परवानगी मिळावी. मुन्शींनी तो सकाळच्या कागदांत नेमका मधे सरकवला.

बैठकीत हिवरखेडचे दोन पक्षकार बसले होते. बाबांनी अर्ज वाचला. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. मग अर्जदार हजर आहे का, असं विचारलं. मी दारातच उभी होते, पुढं झाले.

"उशिराच्या प्रत्येक दिवसाचं कारण द्यावं लागतं," बाबा म्हणाले. "शनिवारचं काय कारण?"

रशियावर खापर फोडायचं सगळं भाषण माझं पाठ होतं. त्यांच्यापुढं ते आठवेना. मी म्हटलं, रशियाचा काही दोष नाही, एकदा जुळलं तेवढ्यावरून मीच उद्या म्हणून मोकळी झाले, मला शहाणपण चढलं होतं. हिवरखेडचे दोघं माझ्याकडे एकटक बघत होते. बाबांनी मान हलवली आणि आईला बोलावलं.

पक्षकार बसले असताना आई कधी बैठकीत यायची नाही. ती मधल्या दारात आली, हाताला कणीक तशीच. बाबांनी अर्ज तिला मोठ्यानं वाचून दाखवला आणि तिचं म्हणणं विचारलं.

"त्या वर गेलेल्या मुलीच्या आईला विचारलं असेल का हो कोणी?" ती म्हणाली.

बाबा म्हणाले, ठाऊक नाही.

"मला निदान अर्ज तरी आला," आई म्हणाली.

तिनं पदराला हात पुसले आणि टाक मागून घेतला. आईला लिहिताना मी तोवर पाहिलंच नव्हतं. एकेक अक्षर जपून काढत तिनं समासात लिहिलं: हरकत नाही, दर शनिवारी घरी यावे. खाली सही केली. बाबांनी विचारलं, ही विनंती आहे की अट? आई म्हणाली, अट. त्यांनी खाली लिहिलं, अटीसह मंजूर, आणि मुन्शी फॉर्म घेऊन त्याच दुपारी बडनेऱ्याच्या गाडीनं अमरावतीला गेले. मी कोणाच्या पाया पडले आणि कोणाच्या नाही, मला आठवत नाही, बहुधा हिवरखेडवाल्यांच्याही पडले असेन.

पण माझी ट्रंक काढायचं आई नाव घेईना. सोमवार गेला, मंगळवार गेला, विचारलं की बघू म्हणायची. जी बाई रेडिओकडे कधी ढुंकून पाहत नव्हती, ती आता बातम्यांच्या वेळेला हातातलं काम टाकून पुढ्यात येऊन बसायची. बुधवारी संध्याकाळी सांगितलं की ती मुलगी सुखरूप खाली उतरली. आईनं बातमी शेवटपर्यंत ऐकली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि मला म्हणाली, "माळ्यावरून ट्रंक काढ."