तुझा हात यात आहेच

लग्न होऊन बहरीनला गेले तेव्हा नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. हे पहाटेच कंपनीच्या बसने सित्र्याला कामावर जायचे. मला तिसरा महिना होता, आणि स्वतःच्या हातचं काही पोटात ठरत नव्हतं. फोडणीचा वास आला की उलटी.

समोरच्या घरात घानाची एक बाई राहायची. तिचा नवरा मीना सलमान बंदरावर एका वर्कशॉपमध्ये होता, ती घरी कपडे शिवायची. एका दुपारी ब्लाउजचं माप द्यायला गेले तर ती जेवत होती. मला बघून म्हणाली, "वो न्सा वॉम."

मी गोंधळले. तिने इंग्रजीत समजावलं, "आमच्या आकान भाषेत जेवणारा असं म्हणतो. म्हणजे, तुझा हात यात आहेच."

आपल्या "या जेवायला"सारखंच. त्यावर काय म्हणायचं ते ठाऊक होतं. "नको, आत्ताच जेवले," म्हणालेही. पण शेंगदाण्याच्या रश्शाचा वास आला आणि मळमळायच्या ऐवजी भूक लागली.

"खरंच बसू?"

ती हसत सरकली. ताट एकच. आपापल्या बाजूने भाताचा गोळा तोडायचा, रश्शात बुडवायचा. उष्ट्याचा विचार मनात आला, पण हात थांबला नाही. निघताना "मेदासे" म्हणायला शिकले, म्हणजे आभार.

सातव्या महिन्यात रायगडहून आई आली. सगळं ऐकून म्हणाली, "एका ताटात? अगं, आपल्यात बसतं का ते?"

दुसऱ्या दिवशी शेजारीण तिला भेटायला आली. दारातच किंचित वाकून म्हणाली, "माहा." हा दुपारचा नमस्कार. आईला कुठून कळणार! ती सवयीने म्हणाली, "या, या!"

शेजारणीने टाळीच वाजवली. "तुझ्या आईला आमची भाषा येते!" त्यांच्याकडे नमस्काराला "या" म्हणूनच उत्तर देतात. समोर लहान माणूस असेल तर "या ओबा". ओबा म्हणजे लेकरू.

आईने आधी पाणी दिलं. शेजारणीने ते पिऊन मगच बोलायला सुरुवात केली. त्यांच्यातही आलेल्याला आधी पाणी, मग विचारपूस.

"रीतीची आहे गं," आई आत येऊन हळूच म्हणाली.

मग आईच रोज तिच्याकडे जाऊ लागली. ही मराठीत बोलायची, ती आकानमध्ये, आणि दोघी मिळून बाळाची दुपटी शिवायच्या. एकदा ह्यांनी विचारलं, "आई, तुम्हाला एकमेकींचं कळतं तरी काय?"

"न कळायला काय झालं, जावईबापू?" आई म्हणाली. "तिचीही आई लांब आहे."