डॉक्टरणीला काय द्यायचं?

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा मी हिंगोलीत मावशीकडे राहायचे. मावसभावाचा, म्हणजे दादाचा, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेट कॅफे होता. सात कॉम्प्युटर, दोन पंखे, एक इन्व्हर्टर. दुपारी दादा जेवायला आणि जरा पाठ टेकायला घरी जायचा, तेवढा वेळ काउंटरवर मी. पगाराचं काही बोलणं नव्हतं. कोपऱ्यातला सात नंबरचा कॉम्प्युटर माझा, एवढंच ठरलं होतं.

निकाल बघायला, फॉर्म भरायला लोक यायचे, पण त्या वर्षी कॅफे खरा चालला तो एका गेमवर. नेटवरचा गेम होता. पाच जणांची टोळी करायची, गुहेत नाहीतर किल्ल्यात शिरायचं आणि राक्षस मारायचे. टोळीत कुठलाही अनोळखी माणूस येऊन सामील व्हायचा. तो चेन्नईचा की आणखी कुठला, कधी कळायचं नाही.

आमची कायमची टोळी तिघांची होती. एक एसटीचा कंडक्टर, तिशीतला, ड्यूटी संपली की खाकी कपड्यांतच यायचा. गेममध्ये तो ढाल घेऊन सगळ्यात पुढे उभा राही. दुसरा आयटीआयला वेल्डिंग शिकणारा, त्याच्याकडे तलवार. तिसरा दादा, धनुष्यवाला. तिघांनाही मारायचंच होतं. मार खाणाऱ्याला बरं करणारा वैद्य व्हायला कोणी तयार नव्हतं, त्यामुळे दर वेळी दहा मिनिटांत तिघंही मरून पडायचे आणि एकमेकांवर ओरडायचे.

एक दिवस दादा मला म्हणाला, "तू बसूनच आहेस ना? मग हो की वैद्य. काही नाही, आमचं रक्त कमी झालं की हे बटण दाबायचं."

मी दाबलं. पहिल्याच दिवशी आम्ही गुहेच्या शेवटच्या दारापर्यंत पोचलो. कंडक्टर खुर्चीतून उठून उभाच राहिला. "मायला! मी अजून जिवंत हाय!"

त्या दिवसापासून मी डॉक्टरीण झाले. पडद्यावरचा माझा वैद्य मात्र कमरेपर्यंत पांढरी दाढी असलेला म्हातारा होता. गेमने तोच आपोआप दिला होता आणि तो बदलता येतो हे मला ठाऊक नव्हतं.

मला ते काम इतकं आवडलं की विचारू नका. लोकांना वाटतं मजा मारण्यात आहे. खरी मजा चार जणांच्या रक्ताच्या लाल पट्ट्यांवर एकदम डोळा ठेवण्यात होती. कोणाची पट्टी कधी घसरणार हे आधीच ओळखायचं आणि माणूस मरायच्या आत त्याला उभं करायचं. माझ्या तळहाताला घाम सुटायचा. वर्गात प्रॅक्टिकलला कधी सुटला नाही असा.

पंधरा दिवसांनी एक प्रकार घडला. मी एकटीच खेळत होते. वाटेत एक परका योद्धा तीन लांडग्यांच्या तावडीत सापडलेला दिसला. त्याची पट्टी जवळजवळ संपली होती. मी लांबूनच त्याला दोन-तीनदा बरं केलं. लांडगे मेले. तो पळत माझ्याजवळ आला. पडद्यावर देवघेवीची चौकट उघडली आणि त्यात त्याने सोन्याच्या नाण्यांची थैली ठेवली. खाली इंग्रजीत लिहिलं, ही टीप तुला.

टीप म्हणजे मला दोनच माहीत होत्या. एक पुस्तकाच्या पानाच्या तळाशी असते ती आणि दुसरी शिलाई मशीनवर मारतात ती. मला वाटलं, याची काहीतरी चूक झाली. मी थैली जशीच्या तशी परत केली. त्याने पुन्हा ठेवली. मी पुन्हा परत केली आणि माझ्या इंग्रजीत लिहिलं, नको, मला गरज नाही. तो वळून निघून गेला.

संध्याकाळी मी हे मोठ्या तोऱ्यात सांगितलं. कंडक्टरने कपाळावर हात मारला.

"अगं, काहून परत केलं? खूश होऊन दिलं होतं त्यानं. तू त्याच्या तोंडावर फेकलं की!"

"मी फुकटचं कशाला घेऊ?"

"फुकटचं कुठं? जीव वाचवला न्हाई का तू त्याचा?"

मग त्यानेच मला सांगितलं, नेटवर तशी रीतच आहे. मारणाऱ्याला राक्षसाच्या पोटातून सोनं मिळतं. वैद्याला काहीच मिळत नाही, कारण तो कोणाला मारत नाही. म्हणून मोहीम झाली की शहाणे लोक आपणहून त्याच्या हातावर काहीतरी ठेवतात.

आयटीआयवाला मागे न बघता म्हणाला, "परक्याला द्यायचं ठीक हाय. ही तर आपल्याच टीमची. घरच्या माणसाला कोणी बक्षिसी देतं का?"

दादा हसला. मीही हसले. पण मनात कुठेतरी खट्कन लागलं. घरचं माणूस म्हटलं की कामही धरून चाललं जातं, हे मी आईकडे बघून पुरतं शिकले होते.

त्या शनिवारी मी गावी गेले. आमचं गाव डोंगरकड्याच्या अलीकडे. माझे बाबा दिवसा शाळेत शिपाई, आणि जयंतीच्या दिवसांत गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. त्या रात्री विहारासमोर त्यांचा कार्यक्रम होता. लहानपणापासून बघितलेलाच, पण या वेळी मी वेगळ्याच नजरेने बघत होते. गाणं रंगलं की लोक उठून गायकाच्या हातात नोट द्यायचे, माइकवर देणाऱ्याचं नाव पुकारलं जायचं. कडवं संपलं की गायक त्यातली एक नोट बाबांच्या समोर धरायचा. बाबा वाजवता वाजवता मान लववून ती घ्यायचे आणि मांडीखाली सरकवायचे. एकदा गर्दीतल्या कोणीतरी लांबूनच दहाची नोट बाबांच्या अंगावर फेकली. ती ढोलकीजवळ पडली. बाबांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. कार्यक्रम संपेपर्यंत ती तिथेच पडून होती.

सकाळी चहा पिताना मी त्यांना विचारलं. गेमचं सांगितलं नाही, नुसतं विचारलं, "ती नोट काहून न्हाई उचलली?"

बाबा म्हणाले, "बाई, माझ्या आज्याला सगळे वरून टाकायचे. भाकरीबी वरूनच, पैसाबी वरूनच. आपल्याला तसं घ्यायचं न्हाई. हातात दिलं की घ्यायचं, मग ते चार आणे का असंना. अन् खुशीनं हातात दिलेलं परत करायचं न्हाई. दोन्ही गोष्टी बराबर ध्यानात ठेव."

मला त्या परक्या योद्ध्याची आठवण होऊन चांगलंच शरमल्यासारखं झालं.

पुढच्या महिन्यात आम्ही किल्ल्यावर जायचं ठरवलं. किल्ल्यात एक दगडी राक्षस होता. तोपर्यंत आमच्या कॅफेतल्या कोणीही त्याला मारलेलं नव्हतं. त्याचा एक फटका बसला की ढालवाल्याची अर्धी पट्टी खलास, म्हणून टोळीत दोन वैद्य तरी हवेत असं सगळे सांगत. रविवारी सकाळी अकराला आम्ही चौघं बसलो. कॉलेज बंद, कंडक्टरची ड्यूटी संध्याकाळची. मावशीने डब्यात भाकरी आणि ठेचा दिला होता. दुसरा वैद्य शोधायला आम्ही किल्ल्याच्या दारात आवाज दिला आणि एक अनोळखी वैद्य लगेच आला. पण येताच त्याने इंग्रजीत लिहिलं, आधी सोनं द्या, मग येतो.

आयटीआयवाला भडकला. "हा कसला डॉक्टर? पेशंट टेबलावर अन् हा आधी फी मागून राहिला!"

"देऊन टाक," दादा म्हणाला.

"काहून देऊ? टीप आधी मागतेत का कुठं? काम बघून द्यायची असते ती."

कंडक्टरने शांतपणे आपल्या थैलीतून दिलं. "जाऊ दे रे. मी रोज आधीच पैशे घेतो, मग तिकीट देतो. त्याला कोणीतरी बुडवलं असंल."

आम्ही आत शिरलो. पहिले दोन मजले सहज सर झाले. तो वैद्य कमालीचा चांगला होता. मी एकाला बरं करीपर्यंत त्याने दोघांना केलेलं असायचं. न बोलता आमची वाटणी झाली. कंडक्टर माझा, बाकीचे दोघं त्याचे. साडेबाराच्या सुमाराला दगडी राक्षसाचं दार उघडलं. जमीन हादरल्याचा आवाज हेडफोनमधून थेट छातीत यायचा. राक्षसाची पट्टी हळूहळू उतरत निम्म्यावर आली. आम्ही चौघं एकाच वेळी बोलत होतो, कोण कोणाला काय सांगतंय कळत नव्हतं.

आणि तो वैद्य जागच्या जागी थांबला. पुतळ्यासारखा. मग दिसेनासाच झाला.

"पळाला! सोनं घेऊन पळाला!" आयटीआयवाला ओरडला.

तेवढ्यात आमचेही पंखे थांबले. लाइट गेली. इन्व्हर्टरने टीं केलं. दादा खुर्ची ढकलून धावला आणि बाकीचे तीन कॉम्प्युटर बंद करून आला, म्हणजे आमचे चार तग धरतील. त्याचा धनुष्यवाला तेवढा वेळ नुसता उभा राहून मार खात होता. "मला सांभाळ, मला सांभाळ!" तो काउंटरमागून म्हणत होता.

आता तिन्ही पट्ट्या माझ्याच गळ्यात. मी कंडक्टरला उठवलं की आयटीआयवाला पडायचा. त्याला जिवंत करून उभा करावा तर दादाची पट्टी संपत आलेली. आयटीआयवाला एकूण चारदा मेला आणि चारदा मी त्याला उठवलं. चौथ्यांदा उठताना तो पहिल्यांदाच मला उद्देशून बोलला, "ताई, आता माझ्याकडं बघू नको. ढालवाल्याला धर. मी घुसतो." आणि तो घुसला. माझ्या कपाळावरून घाम ओघळून डोळ्यात जात होता, पण पुसायला हात मोकळा नव्हता. कंडक्टर खाकी शर्टाची बटणं सोडून पुटपुटत होता, "धर, धर, धर." राक्षसाची पट्टी बोटभर राहिली. मग नखभर. मग दादाचा एक बाण लागला आणि तो डोंगराएवढा दगड गुडघ्यावर येऊन कोसळला.

आम्ही काय ओरडलो! शेजारच्या टेलरिंगच्या दुकानातला माणूस कात्री हातात घेऊन बघायला आला. कंडक्टर दादाला मिठी मारून नाचत होता. मला रडायलाच येत होतं.

राक्षसाच्या ढिगातून निळ्या खड्याची एक काठी निघाली. वैद्याचीच काठी, पण सगळ्यात जास्त घाव आयटीआयवाल्याचे होते म्हणून ती त्याच्या थैलीत गेली. बाजारात तिला खूप भाव होता. तो जरा वेळ पडद्याकडे बघत बसला. मग त्याचा योद्धा चालत माझ्या म्हाताऱ्याजवळ आला, काठी त्याच्या पायाशी जमिनीवर टाकली आणि वळून निघाला.

"घे," तो दोन खुर्च्यांवरून म्हणाला. "तुझ्यासाठी टाकली."

माझे हात बटणांवरच थांबले. मी उठून उभी राहिले आणि इतक्या मोठ्याने बोलले की मलाच नवल वाटलं, "खाली टाकलेलं मी घेत न्हाई. हातात दे."

दादा माझ्याकडे बघत राहिला. त्याला कळलं होतं. आयटीआयवाल्याच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ, मग हळूहळू लाली. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला तेव्हाही दिसत होतं. गेममध्ये वस्तू टाकून देणं सोपं पडतं, एवढंच.

"चुकलं," तो म्हणाला. त्याचा योद्धा परत आला, वाकून काठी उचलली. माझ्या पडद्यावर देवघेवीची चौकट उघडली. त्यात त्याने काठी ठेवली आणि तिच्या शेजारी आपल्या जखमेवरच्या औषधाच्या बाटल्या, ज्या तो कधी कोणाला देत नसे. मी होकाराचं बटण दाबलं. मग त्याच्याकडे वळून म्हणाले, "मिळालं. लई छान हाय."

"चारदा मेलो ना मी?" तो हसायला लागला.

आम्ही डबा उघडून भाकरी खात होतो, पंखा नसल्याने वहीने वारा घेत होतो, तेव्हा पडद्यावर अक्षरं उमटली. तो पळालेला वैद्य परत आला होता. इंग्रजी अक्षरांत त्याने घाईघाईने लिहिलं होतं, "sorry lite geli hoti."

कंडक्टरच्या हातातला घास हातातच राहिला. "लाइट गेली होती? अरे, हे तर मराठी हाय!"

मी लिहिलं, तुम्ही कुठले? उत्तर आलं, नांदेड. सकाळपासून आम्ही ज्याला सातासमुद्रापारचा समजत होतो तो पुढच्याच मोठ्या गावात, आमच्याच भारनियमनात घामाघूम बसला होता! आमच्याकडे इन्व्हर्टर होता, त्याच्याकडे नव्हता, एवढाच फरक. आयटीआयवाला इतका हसला की त्याला ठसका लागला.

नांदेडवाल्याने आल्या आल्या कंडक्टरची थैली चौकटीत परत ठेवली. शेवटपर्यंत थांबलो नाही, घेणार नाही, म्हणाला. कंडक्टरने मला खूण केली, तूच बोल त्याच्याशी, तुमच्या धंद्यातला आहे. मी लिहिलं, दोन मजले तुम्ही आम्हाला जिवंत ठेवलं, ते कोणाच्या हिशोबात धरायचं? आणि माझ्याकडून आयटीआयवाल्याने दिलेल्या औषधाच्या अर्ध्या बाटल्या त्या थैलीशेजारी ठेवल्या. कोणाला काही देण्याची माझी ती पहिलीच वेळ. द्यायलाही छाती धडधडते, हे तेव्हा कळलं.

मग त्याने थैली आणि बाटल्या दोन्ही ठेवून घेतल्या. आणि विचारलं, "दादा, तुम्ही मूळचे कुठले?"

माझ्या पांढऱ्या दाढीकडे बघून तिघंही खिदळायला लागले. मी बोटं पुसली आणि लिहिलं, "दादा नाही, ताई. अन् उद्या बाराला या. लाइट असली तर."