पाणी फोडणाऱ्या मास्तरांच्या गावी

नगरहून निघालेली एस.टी. तिसगावला थांबली तेव्हा अंगावर बोटभर धूळ होती. बहात्तरच्या दुष्काळाचा तो उन्हाळा. माझे कॉलेजातले सोबती सॅम्युएल मास्तर इथल्या शाळेत शिकवत. "पाणी स्वस्तात फोडायची युक्ती साधली, येऊन पाहा," एवढंच त्यांनी कळवलं होतं.

मास्तर शाळेतून यायचे होते. शेजारच्या भागूबाईंनी रीतीप्रमाणे गूळ आणि तांब्याभर पाणी पुढे ठेवलं. मी चूळ भरली, उरलेलं पायांवर ओतलं आणि ऐटीत सांगितलं, की मास्तर पाणी फोडतात ते बघायला आलोय. बाई तडक उठून गल्लीत गेल्या. इकडे पाणी फोडणं म्हणजे बांध उकरून दुसऱ्याचं पाणी आपल्या रानात (शेतात) पळवणं, हे मला शहाण्याला कुठलं ठाऊक!

मास्तर आले, परसात घेऊन गेले. पत्र्याची पंखाडी वाऱ्यावर फिरत होती, तिला जीपचा जुना डायनामो. त्याच्या दोन तारा बरणीतल्या पाण्यात सोडलेल्या. महागड्या प्लॅटिनमऐवजी भंगारातल्या, निकेल चढवलेल्या पट्ट्या आणि चिमूटभर पापडखार. एका पट्टीवरचे बुडबुडे नळीवाटे बाटलीत जमत होते. तो हायड्रोजन, विजेनं पाणी फोडून निघालेला जळणारा वायू. मास्तरांची दोन वर्षं त्या बरणीत गेली होती.

तेवढ्यात दहा-पंधरा माणसं परसात घुसली. पुढे भागूबाई.

"मास्तर, आमी टँकरपुढं घागरी घेऊन उभ्या, आन् तुमी पाणी फोडता व्हय?"

एकानं बरणी आपटायला उचललीसुद्धा. ही आग माझ्याच तोंडानं लावलेली.

मास्तरांनी वाद घातला नाही. बाटलीच्या नळीशी काडी धरली. फट्‌ आवाज झाला, दिसेल न दिसेल अशी ज्योत पेटली. तिच्यावर त्यांनी गार पितळी धरली आणि मी डोळे फाडून बघत राहिलो. पितळीला थेंब धरले होते!

"फोडलं ते हेच," मास्तर म्हणाले. "जळून पुन्हा पाणीच होतं."

बरणी हळूच खाली ठेवली गेली. भागूबाईंनी एक थेंब बोटावर घेऊन जिभेला लावला. मग मास्तरांकडे नाही, माझ्याकडे वळल्या.

"मास्तरांचं माघारी आलं. पाव्हणं, तुमी पायावर वतलं, त्ये कवा येनार?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निघताना त्यांनी पुन्हा तांब्या पुढे केला, मी घोटभर पिऊन बाकीचं जपून परत दिलं. त्या गावात पाणी फोडणारा एकच होता, आणि तो परतीच्या एस.टी.त खिडकीशी बसला होता.