रेकॉर्ड ओरिजिनलच आहे जी!

कोणी विचारलं, तुम्ही काय काम करता, तर मी सांगते, सरकारी आवाज ऐकते. यवतमाळात तायडे सरांचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. सर सरकारी प्रयोगशाळेतून रिटायर झालेले, मी त्यांची असिस्टंट. कोर्टातून, चौकशी समितीकडून रेकॉर्डिंग येतं, कधी रडारचा डेटा येतो. त्यात कोणी हात घातला आहे का, ते आम्ही सांगायचं. बहुतेक वेळा घातलेलाच असतो. त्याचं आता काही वाटत नाही. पण किती गबाळेपणानं घालतात हो! लोकांच्या घरी जुने पेपर साचतात, आमच्याकडे हे किस्से साचतात. आणि ते रद्दीवालाही नेत नाही.

*

एका गावची ग्रामसभा. गुरांच्या चराईची जमीन खदानीला द्यायचा ठराव म्हणे एकमतानं पास झाला. गावकरी म्हणतात, सभाच झाली नाही. पंचायतीनं पुरावा म्हणून रेकॉर्डिंग दिलं.

ठराव वाचला जातो, लोक ओरडतात, "मंजूर, मंजूर!" आणि मागे एक बकरी ओरडते. पुढचा ठराव. "मंजूर, मंजूर!" बकरी. त्याच्या पुढचा. पुन्हा बकरी! एकच तुकडा कापून सगळीकडे चिकटवलेला.

ग्रामसेवक मात्र बिनधास्त. "बकरी रोजचीच आहे जी. पंचायतीच्या मागंच बांधली रायते."

"रायते ना," सर म्हणाले. "पण ठराव पास झाल्याबिगर तोंड उघडत नाही! इतकी शिस्त तर तुमच्या मेंबरलेही नाही."

*

कळंब रोडवर वेग मोजायचं रडार लावलेलं होतं. एका पुढाऱ्याच्या भाच्यानं तिथंच एका मास्तरांच्या स्कूटरला उडवलं. मास्तरांचा पाय गेला. रडारच्या रेकॉर्डमध्ये भाच्याच्या गाडीचा वेग किती? अडतीस! सोबत गाडीचा फोटोही जोडलेला.

आता ते यंत्र असं सेट केलेलं, की वेग ऐंशीच्या वर गेला तरच फोटो काढायचा. त्याखालच्या गाडीकडे ते ढुंकून पाहत नाही. आकडा बदलणाऱ्यानं आकडा बदलला आणि फोटो तसाच ठेवून दिला.

सरांनी रेकॉर्ड घेऊन आलेल्या साहेबांना विचारलं, "अडतीसनं जाणाऱ्या गाडीचा फोटो मशीननं कायले काढला?"

साहेबांनी खरंच विचार केला. मग म्हणाले, "गाडी नवीकोरी होती ना. नजर गेली असन त्याची."

*

महागावकडे गारपीट झाली. विमा कंपनीचं म्हणणं, झालीच नाही. त्यांनी हवामान रडारचा रंगीत नकाशा दिला. शेजारच्या तालुक्यावरून भला मोठा लाल ढग येतो आणि महागावची हद्द लागली की थांबतो. कड अशी सरळ, जशी फूटपट्टी ठेवून ब्लेड मारलं!

आम्ही मूळ डेटा मागवला. त्यात ढग पुरा होता, महागावच्या डोक्यावर पसरलेला. तरी कंपनीचा टायवाला माणूस सुनावणीत म्हणतो, "वातावरणात असं होतं कधी कधी."

तक्रार करणाऱ्या कमलताई समोरच बसल्या होत्या. गारांनी त्यांच्या घरावरच्या टिनाची चाळणी झालेली. त्या शांतपणे म्हणाल्या, "होत असन साहेब. पण ढग बरोब्बर हद्दीवर थांबला, मंजे त्याच्यापाशी सातबारा होता काय?"

*

हल्ली सगळ्यांना एक नवीन औषध सापडलं आहे. एआय! काही सापडलं की "तो एआय आहे, मॅडम."

एका अधिकाऱ्यानं अंगणवाडीच्या बाईंना फोनवर अशा शिव्या दिल्या, की ऐकताना मी हेडफोन काढून ठेवला. साहेब म्हणाले, आवाज माझा नाही, एआयनं बनवला. मग आवाजाचा नमुना घ्यायला त्यांना बोलावलं. आले, बसले, आणि मजकूर वाचायला लागले तो असा नाजूक, बारीक आवाजात, जशी काकड आरतीला बसलेली विधवा आत्याबाई!

अर्ध्यात त्यांचा मोबाइल वाजला. ड्रायव्हरनं गाडी मागं घेताना खांबावर ठोकली होती. साहेब उभे राहिले आणि त्याच्या सात पिढ्या काढल्या. त्याच शिव्या, त्याच क्रमानं.

फोन ठेवल्यावर ते रेकॉर्डरच्या लाल दिव्याकडे पाहत राहिले. सर म्हणाले, "बसा. एआय येऊन गेला."

*

दारव्ह्याच्या रोडवर एक जीप पलटली. त्यात सुनीता आणि तिचा नवरा होता. तिनं मदतीच्या नंबरवर फोन केला. ॲम्ब्युलन्स आली तोवर नवरा गेला होता. मदतीच्या नंबरवाल्या ऑफिसचं म्हणणं, बाईनं गावाचं नावच सांगितलं नाही. सुनीता म्हणे, कितीदा सांगितलं.

त्यांनी दिलेलं रेकॉर्डिंग आम्ही ऐकलं. पलटलेल्या जीपचा हॉर्न अडकून सारखा वाजत होता. आणि मध्येच एका जागी तो हॉर्न तुटत होता, कापलेल्या दोरीसारखा.

चौकशीच्या दिवशी समितीच्या मोठ्या मॅडमनी त्या ऑफिसात रेकॉर्ड सांभाळणाऱ्या माणसाला विचारलं, "यातलं काही कापलं आहे का?"

"नाही मॅडम! रेकॉर्ड ओरिजिनलच आहे जी," तो छातीवर हात ठेवून म्हणाला. "कापलेलं सगळं वेगळ्या फोल्डरमध्ये आहे."

कोणीतरी फिस्सकन हसलं. मॅडम हसल्या नाहीत. "लावा," म्हणाल्या.

लावलं. हॉर्न. सुनीताचा आवाज, "बोरटेक! बोरटेक जी! दारव्ह्याच्या रोडनं!" मग पलीकडचा माणूस, जांभई देत, "स्पेलिंग सांगा. स्पेलिंगबिगर कॉम्प्युटर घेत नाही."

"मले नाही येत हो स्पेलिंग!"

"मग विचारा कोणाले तरी."

आणि मागून, हॉर्नच्या आडून, एका माणसाचा थकलेला आवाज, "सुनीते, चिल्लावू नको. येतीन ते. सांगितलं ना तू, मग येतीन..."

मॅडमनी हात वर केला. रेकॉर्डवाल्यानं घाईघाईनं बटण दाबलं. सगळे खाली मान घालून बसले.

सुनीता एकटी वर पाहत होती.

"बंद काहून केलं जी?" ती म्हणाली. "तो बोलून राह्यला होता ना."