गटाला तिसरी हवी

महिलांच्या फिजिक, म्हणजे शरीरसौष्ठवाच्या, स्पर्धेला आमच्याकडे एक नियम आहे. मंचावर किमान तीन बायका उभ्या राहिल्या तरच तो गट स्पर्धेत धरतात. दोनच असल्या तर ते नुसतं प्रदर्शन. टाळ्या मिळतात, हार मिळतो, निकाल लागत नाही. पुरुषांच्या बाजूला ही अडचण कधी येत नाही, तिथली रांग मंचावर मावत नाही. आमच्या बाजूला मात्र तीन हा आकडा जमवताना संयोजकांच्या तोंडाला फेस येतो. मग कुणाची बायको, कुणाची बहीण, जिममधली एखादी धडधाकट बाई हातापाया पडून उभी करतात. त्या तिसरीकडून कुणाची जिंकायची अपेक्षा नसते. नाव पुकारलं की तिने मंचावर यायचं, एवढंच तिचं काम.

धुळ्याच्या स्पर्धेत ती तिसरी मी होते.

मी जळगावला पिंप्राळ्यातल्या एका जिममध्ये सकाळची बायकांची बॅच घेते. वय त्रेचाळीस. नवरा एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात आहे. माझ्या बॅचमधल्या बहुतेक जणी वजन घटवायला येतात आणि गप्पा मारून, वजन तेवढंच ठेवून घरी जातात. मी ओरडते, त्या हसतात. अशा बॅचमध्ये एके दिवशी एक पोरगी आली. रावेरकडच्या केळीवाल्या घरातली, जळगावात एका लॅबमध्ये कामाला, भाड्याच्या खोलीत राहणारी. पहिल्याच दिवशी तिने माझा नेहमीचा बार उचलला, खाली ठेवला आणि विचारलं, "ताई, यापेक्षा जड नाही का?" तेव्हा मला तिचा थोडा रागच आला होता. दोन वर्षांनी तीच पोरगी माझ्या आयुष्यातली सगळ्यात अभिमानाची गोष्ट झाली होती.

तिला प्रो कार्ड हवं होतं. ते मिळालं की माणूस हौशी न राहता व्यावसायिक खेळाडू होतो, मोठ्या स्पर्धांची दारं उघडतात. त्याची निवड स्पर्धा मुंबईला, आणि तिथे जायला विभागातला पहिला नंबर लागत होता. त्या वर्षी आमच्या भागात महिलांचा गट ठेवलेली स्पर्धा एकच होती, धुळ्याची. आणि तिच्याकडे वर्षही तेवढं एकच होतं. तिचे वडील एकदा जिममध्ये आले होते. धोतर-टोपीतला साधा माणूस, भिंतीवरच्या आरशांकडे न बघता खुर्चीच्या कडेवर बसला आणि मला म्हणाला, "ताई, आखाजीपावतर मी थांबतो. तवर ते कारड भेटलं तं ती तिचं पाहीन. नाही तं मंग मी पाहीन." आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या दिवशी आमच्याकडे लेकी माहेरी येतात. त्यांच्या लेकीने त्याच्या आत सासरी जावं, असं त्यांचं गणित होतं. माणूस वाईट नव्हता. त्याने मुदत दिली होती, आमच्या भागात तेवढीही कुणी देत नाही.

धुळ्याला चाळीसगावची एक मुलगी नक्की येणार होती. शिरपूरची एक येते म्हणाली आणि साखरपुडा ठरला म्हणून गळाली. राहिल्या दोघी. संयोजकांचा मला फोन आला, "मॅडम, तुम्हीच उभ्या राहा, नाही तर गट होणार नाही." मी नाही म्हणाले. पोरीने काही आग्रह केला नाही. दुसऱ्या दिवशी व्यायाम झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "ताई, तुम्हाले काही करायचं नाही. मी जशी वळीन तशी वळजा."

मी हो म्हणाले. नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला, "जा. धुळ्यात कोण ओळखतं तुला?" हे तो म्हणत होता, ज्याचं अख्खं घराणं धुळ्यात आहे. पण तो घराबद्दल नव्हे, गर्दीबद्दल बोलत होता, आणि मलाही तसंच ऐकायचं होतं. दोन महिने मी तिच्याबरोबर तयारी केली. भात तोडला, मीठ तोडलं, आरशासमोर पाठ ताणून उभं राहायला शिकले. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायला लागलं होतं. एका सकाळी माझ्या खांद्यावर पहिल्यांदा स्नायूची रेघ उमटली, तेव्हा मी ती भाजी चिरताना चार वेळा बघितली.

स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. पुरुषांना मोठा हॉल तयारीला दिला होता आणि आम्हाला 'वधूपक्ष' अशी पाटी असलेली खोली. खोलीला कडी होती, पण आतली नव्हती, बाहेरची. एक जण आळीपाळीने दाराला पाठ लावून उभी राहायची. मंचावरच्या दिव्यांत अंग पांढरं पडू नये म्हणून तपकिरी रंग लावतात. तो आम्ही एकमेकींना स्पंजने लावला. भिंतीला लागू नये म्हणून जुन्या चादरी आणल्या होत्या, तरी लागला. नळाला पाणी नव्हतं. ते एका अर्थी बरंच, कारण आदल्या दिवसापासून आम्ही पाणी बंद केलं होतं आणि नळ वाजला असता तर मी तिथेच तोंड लावलं असतं. आमचा गट चारला सांगितला होता. पाच वाजले, साडेपाच झाले. शेवटी कळलं की पंच चहा घेतील त्या वेळात महिलांचं उरकून घ्यायचं ठरलंय. मी तरातरा जाऊन संयोजकांशी भांडले. चहा आधी झाला पाहिजे आणि पंच खुर्चीत बसले पाहिजेत, एवढं कबूल करून घेतलं. भांडायला मी कधीच कमी पडत नाही. मी कमी पडले ते दुसरीकडेच.

सहाच्या सुमाराला आम्ही मंचाच्या बाजूच्या पडद्यामागे जाऊन उभ्या राहिलो. अंगावर दोन तुकड्यांचा तो पोशाख, वरून शाली, कमरेला नंबरांचे बिल्ले. पोरीचा एक, चाळीसगावचीचा दोन, माझा तीन. मी पडद्याच्या फटीतून गर्दी बघितली. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर सगळे पुरुष. आणि पहिल्या रांगेत, जुन्या पैलवानांच्या सत्कारासाठी मांडलेल्या सोफ्यावर, फेटा बांधून, गळ्यात हार घालून माझे थोरले जेठ बसले होते.

इथे थोडं सांगायला हवं. जेठ म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. घरात त्यांना सगळे नाना म्हणतात. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण त्यांच्यासमोर मी कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, की थेट एक वाक्य बोलले नाही. जळगावात मी ट्रॅकपँटवर फिरते, पण धुळ्याच्या घराच्या फाटकाशी आले की हात आपोआप डोक्याकडे जातो. तेही त्यांच्या बाजूने रीत पाळतात. दारात आले की खाकरतात. मला पुढच्या खोलीतून काही न्यायचं असलं की पेपर उचलतात आणि अंगणात जाऊन बसतात. यात दुष्टावा काही नाही. ते मला मोकळी वाट देतात, मी त्यांना मान देते, आणि दोघांचं बरं चाललेलं असतं.

आता ते सोफ्यावर होते आणि मी पडद्यामागे, अंगावर वीतभर कापड घालून.

निवेदकाने पहिला नंबर पुकारला. पोरगी गेली. ती मंचावर वळली आणि पाठ ताणून रुंद केली तेव्हा हॉलमधली कुजबुज थांबली, एवढं मला आठवतं. दुसरा नंबर पुकारला, चाळीसगावची गेली. मग माझा. नंबर, नाव, आडनाव, सगळं माइकवरून. मी हलले नाही. निवेदकाने पुन्हा पुकारलं. मी फटीतून बघत होते. नाना सोफ्यावरून उठले. गळ्यातला हार काढून शेजाऱ्याच्या हातात दिला आणि खाली मान घालून, खुर्च्यांच्या मधल्या वाटेने दाराकडे चालू लागले.

वाटलं, संपलं. घराण्याचं नाव माइकवरून ऐकून हा माणूस सत्कार टाकून निघाला. आता घरी काय होईल, नवऱ्याला काय ऐकावं लागेल, माझ्या मुलीच्या लग्नात कोण काय बोलेल, हे सगळं एका क्षणात डोक्यात गर्दी करून आलं. तिसऱ्यांदा नाव पुकारलं. मी शाल घट्ट ओढली आणि तिथेच जमिनीवर बसले. कुणीतरी विचारलं, काय झालं. मी म्हणाले, "पायात गोळा आलाय. उठता येत नाही."

पाणी तोडलं की असे गोळे येतात, त्यामुळे कुणाला खोटं वाटलं नाही. पंचांनी दोन मिनिटं वाट बघितली. मग निवेदक गोड आवाजात म्हणाला की वहिनींची तब्येत बरी नाही, तेव्हा महिलांचं हे प्रदर्शन समजावं, दोन्ही भगिनींसाठी जोरदार टाळ्या. टाळ्या खरंच जोरदार झाल्या. पोरगी मंचावरून उतरली ती सरळ माझ्याकडे आली. मला वाटलं, रडेल, शिवी देईल. ती गुडघ्यावर बसली, माझा पाय मांडीवर घेतला आणि पोटरी चोळायला लागली. आधी उजवी, मग डावी. तिच्या हातांचा रंग माझ्या पायाला लागत होता. तिचं वर्ष त्या दोन मिनिटांत गेलं होतं, आणि ती माझा पाय चोळत होती.

मुंबईची स्पर्धा तिच्याशिवाय झाली. आखाजीच्या आधी तिचं लग्न लागलं, बऱ्हाणपूरकडचं स्थळ. मी लग्नाला गेले. शालूवरच्या ब्लाउजच्या बाह्या तिच्या दंडांना घट्ट होत होत्या, म्हणून शिवण उसवून दिली होती. बाया कौतुकाने म्हणत होत्या, तब्येत छान आहे नवरीची.

नानांनी त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढला नाही. आमच्या घरी न बोलणं म्हणजे रागच, असं मी धरून चालले. जवळजवळ दोन वर्षं धुळ्याला जाणं टाळत राहिले. कधी बॅचचं निमित्त, कधी मुलीच्या परीक्षेचं. शेवटी दिवाळीला जावंच लागलं. मी स्वयंपाकघरात पुऱ्या लाटत होते, जाऊबाई तळत होत्या. बाहेर नाना खाकरले आणि दाराच्या पलीकडून जाऊबाईंना म्हणाले, म्हणजे अर्थात मला,

"इचार तिले. नाव पुकारं तव्हय मी तिन्हाकरताच उठनू व्हतू. मंग ती का बरं उनी नही?"

ते माझ्यासाठीच उठले होते, मग मी आले का नाही, असं ते विचारत होते. जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. नाना थोडा वेळ थांबले असतील, मग त्यांच्या चपलांचा आवाज अंगणाकडे गेला.

बावीस वर्षं तो माणूस माझ्यासाठी उठून बाहेर जात होता. मी ते रोजचं समजून मान न वर करता चालत राहिले, आणि ज्या एका दिवशी त्याने भरल्या सभेतून, स्वतःच्या सत्कारातून उठून मला वाट करून दिली, त्या दिवशी मला त्याच्यात राग दिसला. मी स्वतःला फार धीट समजते. संयोजकांशी भांडते, पंचांना खुर्चीत बसायला लावते. पण एक निरोप पाठवायचा होता, नाना, जरा बाहेर जा, एवढाच, तो मला सुचला नाही. माझ्या लाजेची किंमत दुसऱ्याच्या पोरीने भरली. याची मला शरम वाटते, आणि ती कमी होईल असं काही दिसत नाही.

जळगावला परत आल्यावर मी पोरीला फोन केला. आता तिला सहा महिन्यांचा मुलगा आहे, मागे त्याचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं. नाना, सोफा, फट, त्यांचं उठणं. आणि शेवटी म्हणाले, "त्या दिवशी माझ्या पायात गोळा आलाच नव्हता."

ती म्हणाली, "मले माहीत होतं, ताई. हाताले लागलाच नाही तो. गोळा असला तं पोटरी दगडासारखी होते, तुमचे पाय तं मऊ होते."

मी विचारलं, "मग चोळत कशाला बसलीस गं?"

"बठ्ठे लोक तुमच्याकडे पाहू राहिले होते ना," ती म्हणाली. "मी उठली असती तं त्याहिले समजलं असतं."