ब्लूबेरीची बांधी

डॉक्टरांनी बाबांना शेतात जायला मनाई केली आणि घरातली शांतता गेली. सिहोऱ्याचं धानाचं वावर ठेक्यानं दिलं, बाबांना मोहाडीला माझ्याकडे आणलं. पण माणूस घरात टिकेल तर शपथ! मी शाळेत शिकवायला गेले की हे निघाले सिहोऱ्याला. एकदा भर उन्हात वावराच्या धुऱ्यावर, बांधावरच, चक्कर येऊन पडले. तेव्हापासून माझं वर्गात लक्ष लागेना. फोन वाजला की हातातला खडू पडायचा.

यांना घरी अडकवायचं तर काम हवं, तेही किचकट. वांगी-भेंडीला बाबा मोजत नव्हते. "ते तं आपोआप होते," म्हणायचे. मोबाईलवर कुणीतरी अंगणात ब्लूबेरी लावताना दिसलं. उष्ण भागात तगणारी जात, पण नखरे नवरदेवाचे. आंबट माती हवी, बोअरचं खारं पाणी नको, आणि मुळाशी पाणी साचलेलं तर मुळीच चालत नाही. म्हटलं, हेच पाहिजे! दिवाळीनंतर तीन झुडपं लावली आणि बाबांना बजावलं, "हे तुमच्या भरोशावर आहे जी."

बाबा रमले. मी जरा निर्धास्त होते न होते तोच पानं तांबूस पडायला लागली. खत बदललं, सकाळ-संध्याकाळ पानं उलटून पाहिली. जिवाला चैन म्हणून नाही. एका दुपारी शाळा लवकर सुटली. फाटकातून पाहते तर झुडपांभोवतीच्या आळ्यात घोटाभर पाणी, आणि बाबा पाइप धरून उभे. मी ज्याला आळं समजत होते, ती बाबांनी चांगली धुरे घालून केलेली बांधी होती, धानाला करतात तशी.

"बाबा, पाणी काहून बांधलं?" मी ओरडलेच. "मुळं सडून राहिली ना!"

"झाडं सुकून राहिली होती व माय. पाणी बांधल्याबिगर काही जगते काय?"

"हे धान नव्हे!"

"मंग मले दुसरं काय येते?"

पाइप तिथंच टाकून ते आत गेले. जेवले नाहीत. झाडांचं मला काही वाटत नव्हतं. सिहोऱ्याला उन्हाळी धानाचा रोवणा, रोपांची लावणी, सुरू होता, आणि उद्या हा माणूस तिकडेच जाणार ही भीती होती.

सकाळी मेलेली झुडपं उपटली. बांधी तर तयारच होती. ठेकेदाराला फोन करून धानाच्या रोपांची एक जुडी मागवली आणि संध्याकाळी साडी खोचून चिखलात उतरले. लावलेलं प्रत्येक रोप आडवं व्हायचं. मी शाळा शिकावी म्हणून बाबांनी मला कधी चिखलात पाऊल टाकू दिलं नव्हतं.

ते दारातून पाहत होते. "कास्तकाराची पोरगी आन् रोवता येत नाही तुले?"

"कोणी शिकवलं मले?"

बाबा धुऱ्याशी येऊन वाकले. मग म्हणाले, "उपट सारे. उद्या पुन्हा लावू."

दुसऱ्या दिवशी शाळेतून जवळजवळ धावतच आले. बाबा घरी होते. उपटलेली रोपं धुऊन, त्यांची जुडी बांधून, माझी वाट पाहत बसले होते.